राष्ट्रगीतासाठी झटलेला गवई

मुंबई, प्रतिनिधी – लष्करात बिगूल हे केवळ वाद्य नसते, ती आज्ञा असते. पहाटेचा बिगूल सैनिकाला उठवतो, सूर्यास्ताचा ‘रिट्रीट’ दिवस संपवतो आणि ‘लास्ट पोस्ट’ हुतात्म्याला अखेरचा निरोप देतो. या वाद्याला कळा नसतात. फुंकरीच्या बळावर निघणाऱ्या मोजक्या स्वरांत त्याला सारे सांगावे लागते. लष्करी बँडमध्ये स्वर वाढतात. पण मींड, मुरकी यांना तेथेही थारा नाही. स्वतंत्र भारताचे राष्ट्रगीत ठरताना हीच अडचण ‘वंदे मातरम्’च्या आड आली. ती दूर करण्यासाठी ख्यातनाम गायक मास्टर कृष्णराव यांनी कंबर कसली.

कृष्णाजी गणेश फुलंब्रीकर यांचा जन्म १८९८ मध्ये आळंदीचा. भास्करबुवा बखले यांचे ते शिष्य. गंधर्व नाटक मंडळीत त्यांनी गायक नट व संगीतकार म्हणून नाव कमावले. ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’, ‘माणूस’, ‘शेजारी’ या चित्रपटांना आणि नाट्यनिकेतनच्या ‘कुलवधू’ला त्यांचेच संगीत होते.

‘वंदे मातरम्’ हा मात्र त्यांचा ध्यास होता. ब्रिटिश राजवटीत मुंबई रेडिओ केंद्रावर त्यांनी हे गीत सुरू करताच प्रक्षेपण बंद करण्यात आले. संतप्त कृष्णरावांनी केंद्रावर बहिष्कार टाकला.

स्वातंत्र्यानंतर राष्ट्रगीताचा प्रश्न पुढे आला. ‘जन गण मन’ची धून वाद्यवृंदाला अधिक सोयीची असल्याचे मत पंतप्रधान नेहरू यांनी २५ ऑगस्ट १९४८ रोजी संविधान सभेत मांडले. हा आक्षेप कृष्णरावांनी केवळ भावनेच्या बळावर खोडण्याचा प्रयत्न केला नाही. समूहाला एका सुरात गाता येईल आणि कवायतीच्या ठेक्यात बसेल अशी झिंझोटीच्या अंगाची सुटसुटीत चाल त्यांनी बांधली. मुंबईतील पोलीस बँडच्या प्रमुखांच्या साहाय्याने ती पाश्चात्त्य वाद्यांवर बसवली आणि दिल्लीत संविधान सभेच्या सदस्यांपुढे तिचे प्रात्यक्षिकही सादर केले. आयुष्यभर ख्याल आळवणारा हा गवई त्यासाठी बँडची भाषा शिकला.

२४ जानेवारी १९५० रोजी ‘जन गण मन’ राष्ट्रगीत ठरले. मात्र ‘वंदे मातरम्’लाही समान सन्मान राहील, असे त्याच वेळी जाहीर झाले. कृष्णरावांचा आग्रह पूर्णपणे मान्य झाला नाही, तरी हे गीत बँडवर वाजवता येते, हे त्यांनी सिद्ध करून दाखविले होते.

१९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण किताब मिळाला. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले. नाट्यपदांमुळे ते रसिकांच्या स्मरणात आहेत. बँडच्या चौकटीत ‘वंदे मातरम्’ बसविण्यासाठी त्यांनी घेतलेले हे कष्टही तितकेच स्मरणीय आहेत.