देवळालीचे कापरेकर मास्तर

एम-थ्री म्हटलं की हॉस्टेलवर निम्म्या पोरांच्या पोटात गोळा येतो. पण मास्तरकी करता करता जन्मभर नुसत्या आकड्यांशी खेळणारा एक माणूस आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

जन्म १९०५ चा, डहाणूचा. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. म्हणजे आकडेमोड घरातच होती. ठाण्याला शाळा, मग पुण्याचं फर्ग्युसन. तिथे असतानाच १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. १९२९ ला पदवी झाली, पुढची पदवी काही घेतली नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तर.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं काम १९४९ सालचं. चार आकडी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. मी त्यांचंच जन्मसाल घेतलं. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४! आता ६१७४ वर कितीही वेळा करा, ६१७४ च येणार. जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात, आणि मास्तरांच्या जन्मसालाला बरोब्बर सातच लागल्या. स्टँडवर एस.टी. ची वाट बघताना गाडीच्या नंबरावर करून बघा, वेळ मस्त जातो.

दुसरी गंमत कापरेकर संख्यांची. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. मोठी हवी? १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन तुकडे करून मिळवा, परत १४२८५७! अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी नाव दिलं हर्षद, म्हणजे आनंद देणारी. ६१७४ पण हर्षदच. बेरीज १८, भागाकार ३४३. एखादी संख्या अधिक तिच्याच अंकांची बेरीज, असं करून जी मिळतच नाही (उदा. २०), ती स्वयंभू किंवा देवळाली संख्या. आणि डेमलो संख्यांना नाव चक्क एका रेल्वे स्टेशनचं!

पण आपल्याकडच्या बड्या गणितज्ञांना हा सगळा पोरखेळ वाटायचा. याचा उपयोग काय, हा प्रश्न व्हायव्हात आपल्यालाही विचारतातच. मोठ्या नियतकालिकांत जागा मिळत नसे, म्हणून मास्तर बरंचसं लिखाण साध्या मासिकांत द्यायचे, नाहीतर स्वतःच पुस्तिका छापायचे. मला त्यांची ही चिकाटी ६१७४ पेक्षा भारी वाटते. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, म्हणून शिकवण्या केल्या.

मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं आणि नाव जगभर झालं. तेव्हा मास्तर सत्तरीचे होते. १९८६ मध्ये देवळालीतच ते गेले.