घटक ४ : वसईचे संत गोन्सालो गार्सिया – संघस्मृतीने जपलेले चरित्र

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर तुम्हांला –
• गोन्सालो गार्सिया यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे कालक्रमाने सांगता येतील.
• दिवंगत सदस्यांची स्मृती जपण्याची संन्यस्त संघांची रीत आणि चरित्रलेखन यांतील नाते स्पष्ट करता येईल.
• एकाच घटनेच्या दोन वृत्तांतांकडे चिकित्सक दृष्टीने पाहता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, चरित्रात काय उरते हे पुष्कळ अंशी ते कोणी जपले यावर अवलंबून असते. राजाचे चरित्र दरबारातला बखरकार लिहितो, ग्रंथकाराचे चरित्र त्याच्या ग्रंथांच्या आधाराने उभे राहते. परंतु ज्याच्यामागे राज्य नाही, संतती नाही आणि ग्रंथही नाही, अशा माणसाचे चरित्र कोण सांभाळतो? बहुधा त्याच्यासोबत एकाच नियमाने जगलेली मंडळी. महानुभाव पंथाचे उदाहरण तुमच्या परिचयाचे आहे. श्रीचक्रधरांच्या पश्चात म्हाइंभटांनी त्यांच्या सहवासातील माणसांकडून आठवणी मिळवून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. नागदेवाचार्य आणि त्यांच्या भोवतीच्या मंडळींच्या आठवणी पुढे ‘स्मृतिस्थळा’त आल्या.

कॅथलिक ख्रिस्तसभेतील संन्यस्त संघांतही अशीच परंपरा आहे. संघातील बंधू निवर्तला की त्याचे नाव मृत्युदिनानुसार नोंदले जाते आणि दर वर्षी त्या तिथीला प्रार्थनेत त्याचे स्मरण होते. आपण ज्यांचे चरित्र अभ्यासणार आहोत ते गोन्सालो गार्सिया अशाच एका संघाचे, म्हणजे फ्रान्सिस्कन संघाचे, बंधू होते. त्यांचे नाव आज आपल्यापर्यंत पोहोचले आहे ते मुख्यतः या संघस्मृतीमुळे.

तुमच्यापैकी जे बोईसर, तारापूर वा पालघर येथून अभ्यास करीत आहेत, त्यांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी स्थापन झालेल्या पालघर जिल्ह्यात बोईसरही येते आणि गोन्सालोंची जन्मभूमी वसईही येते.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ ऐतिहासिक पार्श्वभूमी

डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने तहान्वये वसई आणि तिच्या अंमलाखालील मुलूख पोर्तुगीजांना दिला. पुढे वसई हे पोर्तुगीजांच्या ‘उत्तर प्रांता’चे मुख्य ठाणे झाले. किनाऱ्याने उत्तरेकडे गेले की केळवे-माहीम, तारापूर, डहाणू ही ठाणी याच प्रांतात मोडत. तारापूरच्या खाडीकाठी उभा असलेला किल्ला तुम्ही पाहिला असेल, तर त्या काळाची एक खूण तुम्ही पाहिलीच आहे.

वसईत केवळ सैनिक आणि व्यापारी आले नाहीत. फ्रान्सिस्कन आणि येशूसंघीय धर्मगुरूंनी येथे मठ, चर्च आणि शाळा उभारल्या. हे बंदर एका मोठ्या सागरी वाटेशीही जोडलेले होते. गोवा, मलाक्का, मकाव असे टप्पे घेत ती वाट जपानपर्यंत जाई. १५७१ मध्ये नागासाकी बंदर पोर्तुगीज व्यापारासाठी खुले झाले आणि वाटेचे शेवटचे टोक निश्चित झाले. गोन्सालोंचे सारे आयुष्य या वाटेवर गेले, हे ध्यानात ठेवून पुढील भाग वाचावा.

४.३.२ बालपण आणि जपानकडे प्रयाण

गोन्सालोंचा जन्म १५५६ च्या सुमारास वसई येथे झाला. वडील पोर्तुगीज सैनिक आणि आई एतद्देशीय होती. अशा मिश्र विवाहातून जन्मलेल्या मुलांचे स्थान त्या समाजात मधले असे. ती राज्यकर्त्यांच्या धर्माची आणि भाषेची असत. पण युरोपात जन्मलेल्यांच्या बरोबरीची मानली जात नसत. ही गोष्ट गोन्सालोंच्या पुढील आयुष्याचा उलगडा करण्यास उपयोगी पडते.

वसईतील येशूसंघीयांच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. वयाच्या सुमारे पंधराव्या-सोळाव्या वर्षी ते येशूसंघीयांसमवेत जपानला गेले. कोवळ्या वयात ऐकलेली भाषा जिभेवर लवकर बसते. गोन्सालोंनी जपानी भाषा इतकी आत्मसात केली की तेथील लोकांत ते सहज वावरू लागले. सुमारे आठ वर्षे त्यांनी धर्मशिक्षक म्हणून सेवा केली.

४.३.३ नाकारलेला प्रवेश

येशूसंघाचे सदस्य व्हावे, ही गोन्सालोंची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. आशियात जन्मलेल्या मिश्रवंशीयांना सदस्यत्व देण्याविषयी त्या काळच्या युरोपीय संघांत मोठी अनास्था होती. ज्यांच्यासाठी उमेदीची वर्षे वेचली, त्यांच्याकडूनच आपण परके ठरतो, हा अनुभव कोणालाही कडवट करणारा आहे.

गोन्सालो मकावला गेले आणि व्यापारात पडले. जपानी आणि पोर्तुगीज या दोन्ही भाषा जाणणाऱ्या माणसाला पूर्वेच्या बंदरांत यश मिळणे कठीण नव्हते. त्यांचा जम बसला, हाती पैसा आला. व्यापारानिमित्त ते फिलिपाइन्समधील मनिला येथे जात. हे शहर स्पॅनिश अंमलाखाली होते. तेथे फ्रान्सिस्कन बंधूंशी त्यांचा संबंध आला. १५८७ च्या सुमारास त्यांनी व्यापार सोडला आणि त्या संघात प्रवेश केला. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही व्रते घेणाऱ्याने कमावलेले धन मागे ठेवायचे असते. गोन्सालोंनी तेच केले.

येथे एक भेद समजून घ्या. गोन्सालो धर्मगुरू झाले नाहीत. ते बंधूच राहिले. बंधूला मिस्सा अर्पण करण्याचा अधिकार नसतो. दार राखणे, स्वयंपाक पाहणे, भिक्षा मागणे, रुग्णांची शुश्रूषा करणे ही त्याची कामे असतात. संघाच्या उतरंडीत ही जागा खालची असते.

४.३.४ दुभाष्याची कामगिरी

१५८७ मध्ये जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने परदेशी धर्मप्रचारकांनी देश सोडावा असे फर्मान काढले होते. त्याची अंमलबजावणी मात्र सैल होती. पुढे त्याने फिलिपाइन्सनेही आपले वर्चस्व मान्य करावे, अशी मागणी मनिलाच्या गव्हर्नरकडे केली. तिला उत्तर म्हणून १५९३ मध्ये एक शिष्टमंडळ निघाले. त्याचे प्रमुख फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बौतिस्ता होते. त्यांना जपानी येत नव्हते. दुभाषा म्हणून निवड झाली ती गोन्सालोंची.

कोरियावरील स्वारीचे सूत्रसंचालन हिदेयोशी ज्या तळावरून करीत होता, तेथे ही भेट झाली. दुभाष्याचे काम वरकरणी दुय्यम दिसते. प्रत्यक्षात एका चुकीच्या शब्दाने राजकारण फिरू शकते. भेट निर्वेध पार पडली आणि फ्रान्सिस्कन बंधूंना क्योतो येथे राहण्यास अनुमती मिळाली. तेथे त्यांनी चर्च आणि मठ बांधला. समाजाने टाकलेल्या कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालयेही उघडली. भाषा जाणणारा बंधू या कामात सर्वांना हवा होता.

तथापि या कामाला विरोधही होता. १५८५ मध्ये पोपनी जपानमधील धर्मकार्य केवळ येशूसंघाकडे सोपवले होते. त्यामुळे मनिलाहून आलेल्या फ्रान्सिस्कनांचे वास्तव्य येशूसंघीयांना नियमबाह्य वाटे. ज्या संघाने गोन्सालोंना वाढवले आणि ज्या संघाने स्वीकारले, ते दोन्ही आता एकाच भूमीवर परस्परांचे स्पर्धक होते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
एका वाक्यात उत्तरे लिहा.
१) गोन्सालो गार्सिया यांनी फ्रान्सिस्कन संघात कोठे प्रवेश केला?
२) १५९३ च्या शिष्टमंडळात त्यांच्याकडे कोणते काम होते?

४.३.५ क्योतो ते नागासाकी

ऑक्टोबर १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज मनिलाहून मेक्सिकोकडे जात असता वादळात सापडून जपानच्या शिकोकू बेटाला लागले. त्यावरील मौल्यवान माल हिदेयोशीच्या अधिकाऱ्यांनी जप्त केला. आधी धर्मगुरू येतात आणि मागून स्पेनचे सैन्य येते, अशा आशयाचे काही जहाजावरील एक जण बोलून गेला, असे काही वृत्तांत सांगतात. दीर्घ यादवीनंतर एकत्र आलेल्या देशाच्या सत्ताधीशाला असा संशय येणे अगदीच अनाकलनीय नव्हते. त्याची किंमत मात्र मठातील निःशस्त्र माणसांनी मोजली.

डिसेंबरात क्योतो आणि ओसाका येथे अटका झाल्या. जानेवारी १५९७ मध्ये बंदिवानांच्या डाव्या कानाची पाळी कापून त्यांची धिंड काढण्यात आली. मग ऐन हिवाळ्यात सुमारे महिनाभर प्रवास करवून त्यांना नागासाकीला नेले. निघताना ते २४ होते. वाटेत त्यांची सेवा करीत चाललेल्या दोघांनाही बंदिवानांत ओढले गेले आणि संख्या २६ झाली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सर्वांना क्रुसांवर चढवून भाल्यांनी ठार करण्यात आले. गोन्सालो तेव्हा सुमारे चाळीस वर्षांचे होते.

हे २६ जण कोण होते, हे पाहणे उद्बोधक आहे. सहा जण फ्रान्सिस्कन संघाचे : तीन धर्मगुरू, दोन बंधू आणि एक विद्यार्थी. तीन जपानी येशूसंघीय होते; पाउल मिकी हे त्यांतील प्रसिद्ध नाव. उरलेले १७ जपानी सामान्य जन होते. फ्रान्सिस्कन परंपरा त्यांची गणना आपल्या तृतीय संघात, म्हणजे प्रपंचात राहून संघाचा नियम पाळणाऱ्यांत करते. त्यांत सुतार होता, आचारी होता, वैद्य होता, धनुष्ये करणारा कारागीर होता आणि तीन कोवळी मुलेही होती. त्यांपैकी लुई इबाराकी अवघा बारा वर्षांचा होता.

४.३.६ स्मरणाची वाटचाल

या घटनेचे वृत्तांत लवकरच लिहिले गेले. नागासाकीत असलेले ज्येष्ठ येशूसंघीय लुईश फ्रोइश यांनी १५९७ मध्येच अहवाल लिहिला आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. जपानमध्ये गोन्सालोंसोबत राहिलेले, परंतु शिक्षेतून वाचलेले फ्रान्सिस्कन मार्सेलो दे रिबादेनेइरा यांनी आपल्या दिवंगत बंधूंचा इतिहास १६०१ मध्ये बार्सेलोना येथे प्रसिद्ध केला. रिबादेनेइरांचे लेखन सहवासातून आलेले आहे. मागे राहिलेल्याने गेलेल्यांविषयी लिहिलेले ते पुस्तक आहे, म्हणून त्याला संघस्मृतीचा उत्तम नमुना म्हणता येते.

१६२७ मध्ये पोप अर्बन आठवे यांनी या सर्वांना धन्यवादित घोषित केले. तेव्हाही फ्रान्सिस्कन गटातील २३ आणि येशूसंघीय ३ यांच्यासाठी स्वतंत्र निर्णय झाले. ८ जून १८६२ रोजी पोप पायस नववे यांनी २६ जणांना संतपद दिले आणि गोन्सालो गार्सिया हे भारतात जन्मलेले पहिले संत ठरले. त्याच क्षणी फेलिपे दे हेसूस हे मेक्सिकोचे पहिले संत झाले. युरोपीय सत्तांखालील दोन दूरच्या भूमींना आपापला पहिला संत एकाच टेकडीवरून मिळाला.

मधल्या काळात वसईत मात्र मोठा खंड पडला. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, मठ ओस पडले. त्यांचे अवशेष आजही किल्ल्यात दिसतात. ज्या संस्था स्मरण करीत होत्या त्या उठल्या, की स्मरण गावाकडे येते. आज गास येथील चर्च आणि वसईतील महाविद्यालय गोन्सालोंचे नाव धारण करतात. नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर १९६२ मध्ये उभारलेल्या स्मारकात २६ जणांच्या कांस्यमूर्ती ओळीने आहेत; त्यांत वसईचा हा पुत्रही आहे.

४.३.७ चरित्रलेखनाच्या दृष्टीने विचार

आता या चरित्राकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहू.

पहिला मुद्दा वृत्तांतांतील पक्षपाताचा. या आपत्तीला कोण कारणीभूत झाले, याविषयी दोन्ही संघांत दीर्घ वाद चालला. फ्रान्सिस्कनांच्या उघड प्रचाराने हिदेयोशी दुखावला, असे येशूसंघीयांचे म्हणणे होते; येशूसंघीयांनी वेळीच पाठराखण केली नाही, असे फ्रान्सिस्कनांचे. आपल्या मृतांविषयीच्या प्रेमातून लिहिलेले चरित्र दुसऱ्यांविषयी न्यायाने बोलेलच असे नाही. म्हणून दोन्ही वृत्तांत शेजारी ठेवून वाचावे लागतात.

दुसरा मुद्दा प्रमाणाचा. संतचरित्रात अखेरचे काही आठवडे सविस्तर येतात आणि आधीची चाळीस वर्षे थोडक्यात आटोपतात. व्यापारी गोन्सालो, नाकारले गेलेले गोन्सालो, दोन भाषांमध्ये उभे असलेले गोन्सालो मागे पडतात. वास्तविक मृत्यूचा अर्थ त्या आयुष्यातूनच कळतो. ज्याला एका संघाने दाराबाहेर ठेवले, तो दुसऱ्या संघाच्या बंधूंसोबत अखेरपर्यंत राहिला.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. ख्रिस्तसभेच्या सर्वसाधारण दिनदर्शिकेत ६ फेब्रुवारीचा सण ‘पाउल मिकी आणि सोबती’ या नावाने येतो. या ‘सोबती’ शब्दात पंचवीस माणसे सामावली आहेत. त्यात लोप पावलेले नाव पुन्हा वर काढायचे, तर कोणीतरी ते आपले म्हणावे लागते. फ्रान्सिस्कनांनी गोन्सालोंना आपला बंधू म्हटले, वसईने आपला पुत्र म्हटले. म्हणून त्यांचे चरित्र उरले. त्या सुताराचे आणि आचाऱ्याचे नाव वृत्तांतात असले तरी चरित्र लिहिले गेले नाही. चरित्र वाचताना नायकाच्या मागे उभ्या असलेल्या अशा माणसांकडे लक्ष देण्याची सवय तुम्ही लावून घ्यावी.

४.४ सारांश

वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया किशोरवयात जपानला गेले, येशूसंघात प्रवेश न मिळाल्याने व्यापारी झाले आणि मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू बनले. १५९३ पासून दुभाषा व सेवक म्हणून त्यांनी जपानमध्ये कार्य केले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २५ सोबत्यांसह त्यांना मृत्युदंड झाला. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. त्यांचे चरित्र संघाच्या सामूहिक स्मरणातून घडले. त्या स्मरणाचे बळ आणि त्याच्या मर्यादा दोन्ही त्यात दिसतात.

४.५ शब्दार्थ

एतद्देशीय – याच देशातील
बंधू – धर्मगुरुपद न घेता संन्यस्त व्रते पाळणारा संघसदस्य
तृतीय संघ – प्रपंचात राहून संघाचा नियम पाळणाऱ्यांचा गट
धन्यवादित – संतपदाच्या आधीची मान्यता लाभलेला

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१) गोन्सालो गार्सिया यांनी मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात प्रवेश केला.
२) त्यांच्याकडे दुभाष्याचे काम होते.

४.७ स्वाध्याय व उपक्रम

१) ‘संघस्मृती आणि चरित्रलेखन’ यांचा संबंध गोन्सालो गार्सिया यांच्या आधारे स्पष्ट करा.
२) ‘स्मृतिस्थळ’ आणि संन्यस्त संघातील मृतांचे स्मरण यांची तुलना करा.
३) तुमच्या गावातील भजनी मंडळ, मच्छीमार संस्था, कामगार संघटना किंवा धर्मग्राम यांपैकी एखाद्या समूहाने आपल्या दिवंगत सदस्यांची आठवण कशी जपली आहे, याची माहिती मिळवा. त्यांतील ज्या सदस्याचे चरित्र कोणी लिहिलेले नाही, अशा एकाविषयी सुमारे ३०० शब्दांत लिहा.