प्रोफेसर डेव्हिड एडवर्ड ह्यूझ (१८३१–१९००)

स्नेहसंमेलनाच्या दिवशीं व्यासपीठावर उभा राहून जो विद्यार्थी बिनतारी मायक्रोफोनमध्यें बोलतो, त्याच्या हातांत वस्तुतः दोन यंत्रें असतात. एक यंत्र त्याच्या आवाजाचें विद्युत्प्रवाहांत रूपांतर करितें; दुसरें त्या प्रवाहाचा ठसा अदृश्य लहरींवर उमटवून त्या लहरी तारेवांचून सभागृहाच्या दुसऱ्या टोंकास असलेल्या ग्राहकयंत्राकडे धाडतें. ह्या दोन्ही गोष्टींचा माग काढीत मागें गेलें असतां आपण लंडन शहरांतील एकाच गृहस्थाच्या बिऱ्हाडीं येऊन पोहोंचतों. त्या गृहस्थांचें नांव प्रोफेसर डेव्हिड एडवर्ड ह्यूझ. बेल, एडिसन, मार्कोनी हीं नांवें लहान वर्गांतील मुलांसही पाठ असतात. ह्यूझ यांचें नांव शास्त्रज्ञांच्या मंडळांत सर्वश्रुत असलें तरी शाळेच्या पुस्तकांत तें क्वचितच आढळतें. म्हणून त्यांचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटलें.

ह्यूझ यांचा जन्म १८३१ सालीं वेल्स प्रांतांतून आलेल्या एका गायनप्रिय कुटुंबांत झाला. घरांतील सर्वच मंडळी वाद्यकुशल होती, आणि बाळ डेव्हिड तर हार्प नांवाच्या तंतुवाद्यावर लहानपणींच प्रवीण झाला. नांव दावीद राजाचें आणि हातीं वाद्यही वीणेच्याच जातीचें, हा योगायोग पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांस मौजेचा वाटेल. पुढें हें कुटुंब अमेरिकेंत जाऊन व्हर्जिनिया संस्थानांत राहिलें. वयाच्या विसाव्या वर्षाच्या सुमारास ह्यूझ यांस केंटकी संस्थानांतील बार्ड्सटाउन येथील सेंट जोसेफ कॉलेजांत संगीताचे अध्यापक म्हणून नेमण्यांत आलें व लवकरच पदार्थविज्ञान शिकविण्याचें कामही त्यांजकडे आलें. संगीत आणि पदार्थविज्ञान ही जोडी आपल्याकडे विचित्र वाटेल. परंतु ह्यूझ यांच्या हातून पुढें जें कांहीं घडलें तें ह्या जोडीमुळेंच घडलें. त्यांचा कान गवयाचा होता आणि प्रश्न शास्त्रज्ञाचे होते.

त्यांचें पहिलें मोठें यंत्र म्हणजे छापणारी तार. त्या काळीं तारेनें संदेश पाठवावयाचा तर मोर्सच्या टिंबरेषांची भाषा शिकलेला मनुष्य दोन्ही टोंकांस लागे. ह्यूझ यांनीं १८५५ सालीं असें यंत्र सिद्ध केलें कीं, इकडे पियानोसारख्या काळ्या-पांढऱ्या २८ पट्ट्यांपैकीं एक दाबतांच तिकडे तें अक्षर कागदाच्या फितीवर छापलें जाई. ह्यांत अडचण एकच होती. दोन्ही टोंकांचीं अक्षरचक्रें अगदीं एका गतीनें फिरावयास हवीं. कंप पावणारी पोलादी पट्टी आपला सूर सोडीत नाहीं, हें संगीतज्ञास ठाऊकच असतें; तशा पट्टीच्या कंपनानें त्यांनीं चक्रांची गति बांधून टाकली. १८६० च्या सुमारास फ्रान्सच्या सरकारनें हें यंत्र स्वीकारलें आणि मग युरोपांतील बहुतेक देशांनीं तोच कित्ता गिरविला. मानपदकें आलीं, द्रव्यही आलें. ह्यानंतर त्यांस उदरनिर्वाहाची चिंता उरली नाहीं, आणि मध्यम वयांत ते लंडनमध्यें येऊन केवळ जिज्ञासेसाठीं प्रयोग करूं लागले.

त्यांची प्रयोगशाळा म्हणजे ग्रेट पोर्टलंड स्ट्रीट ह्या रस्त्यावरील राहती खोली, आणि उपकरणें म्हणजे आगपेट्या, लाखेचे तुकडे, खिळे व मुलांच्या पैसे सांठविण्याच्या लांकडी पेट्या. शाळेंत साहित्य नाहीं म्हणून प्रयोग होत नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं ही यादी एकदां वाचावी. १८७८ सालीं ह्या सामग्रींतून मायक्रोफोन जन्मास आला. टेबलावर दोन खिळे समांतर ठेवून, त्यांस बॅटरी व बेल यांचा टेलिफोन जोडून, त्यांवर तिसरा खिळा आडवा नुसता टेकविला. घट्ट बांधला नाहीं. टेबलाजवळ कांहीं बोललें कीं तो सैल खिळा किंचित् थरथरे, स्पर्श कमीअधिक होई, त्याबरोबर प्रवाहही कमीअधिक होई आणि तेच शब्द टेलिफोनांत ऐकूं येत. पुढें खिळ्यांच्या जागीं दोन्ही टोंकांस अणकुचीदार केलेली कोळशाची कांडी आली. हें साधन इतकें सूक्ष्म झालें कीं, त्यावर चालणाऱ्या माशीचीं पावलें कानास स्पष्ट ऐकूं येऊं लागलीं. सैल जोड हा तारखात्यांतील लोकांच्या मतें दोष. ह्यूझ यांनीं त्यासच गुण बनविलें.

मायक्रोफोन हा शब्द मात्र जुना आहे. व्हीटस्टन यांनीं तो पूर्वींच योजिला होता. तसेंच आवाजावरून प्रवाह बदलणारीं यंत्रें करण्याच्या खटपटींत अमेरिकेंत एडिसन व बर्लिनर हेही १८७७ पासून होते, हें न सांगणें अन्यायाचें होईल. एडिसन यांनीं तर ह्यूझ यांनीं आपली कल्पना उचलली असा आरोप केला आणि वर्तमानपत्रांतून बराच धुरळा उडाला. ह्या वादांत आम्ही शिरत नाहीं. आम्हांस महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही कीं, ह्यूझ यांनीं आपल्या मायक्रोफोनचें पेटंट घेतलें नाहीं. मे १८७८ मध्यें त्यांनीं त्याची सर्व कृति रॉयल सोसायटीपुढें मांडली आणि ज्यास हवें त्यानें करावें असें खुलें ठेविलें. कोळशाचा मायक्रोफोन पुढें जवळजवळ शंभर वर्षें जगांतील टेलिफोनांत होता. सांप्रत व्यासपीठावर वापरतात त्या मायक्रोफोनांत कोळसा नसतो. त्यांत चुंबकाजवळ हालणारें तारेचें वेटोळें किंवा विद्युद्भारित पातळ पडदा असतो.

आतां दुसऱ्या शोधाकडे वळूं. १८७९ सालीं दुसऱ्याच एका उपकरणावर काम करीत असतां ह्यूझ यांच्या कानास टेलिफोनांत एक नको असलेला खट् असा आवाज येऊं लागला. शोध घेतां तारेंतील एक सैल सांधा त्यास कारण असल्याचें आढळलें. एखाद्यानें तो सांधा घट्ट करून काम पुढें चालविलें असतें. ह्यूझ यांनीं तो सैलच ठेविला व पाहिलें, तों खोलींत दुसरीकडे विद्युत्प्रवाह तुटून ठिणगी पडली कीं, मध्यें तार मुळींच नसतांही मायक्रोफोनास जोडलेला टेलिफोन आवाज करी! एका खोलींतून दुसऱ्या खोलींत, भिंतींपलीकडेही तो आवाज पोहोंचे. मग त्यांनीं घड्याळाच्या यंत्रानें आपोआप प्रवाह तोडीत राहील असें साधन घरीं चालूं ठेविलें आणि स्वतः टेलिफोन कानास लावून रस्त्यावर चालूं लागले. येणाराजाणारांस हा गृहस्थ कोण वाटला असेल तो असो! सुमारें ५०० यार्डांपर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्ध्या किलोमीटरपर्यंत, त्यांस आपल्या घरांतील ठिणगी ऐकूं येत होती.

त्या फेरफटक्यांत त्यांस आणखी एक नवल दिसून आलें. अंतर वाढत जाईल तसा आवाज सरळ कमी होत जावा. परंतु कांहीं घरांसमोर तो एकदम मंद पडे व थोडें पुढें गेलें कीं पुनः येई. ह्याचें कारण आज आपणांस ठाऊक आहे. लहरी भिंतींवरून परत फिरतात. सरळ आलेली व परतून आलेली लहर कांहीं ठिकाणीं एकमेकींस मदत करितात, कांहीं ठिकाणीं एकमेकींस मारून टाकतात. बिनतारी मायक्रोफोन घेऊन व्यासपीठावर फिरणाऱ्या वक्त्याचा आवाज मध्येंच गडप होतो, तो बहुधा ह्याच कारणानें. म्हणूनच चांगल्या ग्राहकयंत्रास दोन शिंगांप्रमाणें दोन एरिअल असतात. एका जागीं लहर मेली तर वीत-दोन वीत पलीकडे ती जिवंत असण्याचा संभव असतो, आणि यंत्र जिकडे आवाज चांगला तिकडचें एरिअल निवडतें. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं जे कार्यक्रमाच्या वेळीं हें काम पाहतात त्यांनीं हें ध्यानांत धरावें. ग्राहकयंत्र कपाटांत किंवा लोखंडी खुर्च्यांच्या मागें न ठेवितां, जेथून वक्ता दिसतो अशा उंच जागीं ठेवावें, कारण गर्दींतील माणसांचीं शरीरेंही ह्या लहरी शोषून घेतात. धाडणारें व घेणारें हीं दोन्ही यंत्रें एकाच कंपनसंख्येवर लावावीं. दोन मायक्रोफोन असतील तर प्रत्येकास निराळी कंपनसंख्या द्यावी. बॅटरी नवी घालावी. मायक्रोफोन तोंडापासून चार बोटांवर असावा आणि वक्त्यानें तो घेऊन कर्ण्यापुढें जाऊं नये, नाहीं तर कर्ण्याचा आवाज पुनः मायक्रोफोनांत शिरून ती कर्णकटु शीळ उठते. आणि मंडळी येण्यापूर्वीं सर्व व्यासपीठ एकदां ह्यूझ यांच्याप्रमाणें चालून पाहावें. आवाज कोठें मरतो तें चालल्यावांचून कळत नाहीं.

ह्यूझ यांनीं काय ऐकलें होतें? मॅक्सवेल यांनीं १८६५ सालीं गणिताच्या आधारानें सांगितलें होतें कीं विद्युच्चुंबकीय लहरी असल्या पाहिजेत व त्या प्रकाशाच्या वेगानें धांवत असल्या पाहिजेत. परंतु त्या कोणीं प्रत्यक्ष दाखविल्या नव्हत्या. ह्यूझ यांचें गणित बेताचें होतें. आपल्या कानावर पडतें तें अवकाशांतून येणाऱ्या लहरींचें कार्य आहे एवढें मात्र त्यांच्या मनानें घेतलें होतें. २० फेब्रुवारी १८८० रोजीं रॉयल सोसायटीचे अध्यक्ष स्पॉटिसवुड आणि चिटणीस हक्स्ले व स्टोक्स हे तिघे विद्वान् त्यांच्या घरीं प्रयोग पाहावयास आले. कांहीं तास प्रयोग चालले. अखेरीस स्टोक्स यांनीं निर्णय दिला कीं, ह्यांत नवें कांहीं नाहीं. पूर्वींच माहीत असलेल्या विद्युत्प्रवर्तनानें हें सर्व उलगडतें. स्टोक्स हे त्या काळच्या गणितज्ञांत अग्रगण्य. ह्यूझ यांनीं प्रतिवाद केला नाहीं. अधिक भक्कम पुरावा हातीं आल्यावांचून लिहावयाचें नाहीं असें ठरवून त्यांनीं आपलीं टिपणें बाजूस ठेविलीं.

बाल शमुवेल रात्रीं हांक ऐकून उठला, तेव्हां वृद्ध एलीनें त्यास दोनदां परत निजावयास पाठविलें, पण तिसऱ्या वेळीं त्यानें ती हांक ओळखली. ह्यूझ यांस तिसरी वेळ मिळाली नाहीं. स्टोक्स यांस दोष देणें सोपें आहे. आम्ही तो देत नाहीं. नव्या गोष्टीस जुनें कारण पुरतें कीं काय हें आधीं पाहणें हा शास्त्राचा धर्मच आहे, आणि ते सद्बुद्धीनेंच बोलले. तथापि इतक्या लहान साधनांतून निघालेलें प्रवर्तन ५०० यार्ड जाणार नाहीं, ही गोष्ट रस्त्यावर चालून पाहणाऱ्यास जशी जाणवली तशी खोलींत बसलेल्यांस जाणवली नाहीं. ज्यांच्या एका शब्दानें दुसऱ्याची वही मिटते अशा जागीं बसणाऱ्या आम्हां शिक्षकांस हा प्रसंग वाचतांना स्वस्थ वाटत नाहीं. ह्यूझ यांच्या मौनाविषयींही आम्हांस हळहळ वाटते. मायक्रोफोनाच्या वेळीं ज्यांनीं सर्व कांहीं जगापुढें उघडें केलें, त्यांनीं ह्या वेळीं निदान जें ऐकलें तें जसेंच्या तसें छापावयास हवें होतें.

१८८८ च्या सुमारास जर्मनींत हर्ट्झ यांनीं त्या लहरी निर्विवाद सिद्ध केल्या आणि सर्व जगानें त्यांचा जयजयकार केला. ब्रॅनली, लॉज, मार्कोनी यांचीं नांवें एकामागून एक पुढें आलीं. ह्यूझ तें सर्व पाहत होते. १८८० सालींच ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले होते, पुढें विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेचे अध्यक्षही झाले. पण आपण आधीं ऐकलें होतें असें त्यांनीं कोठें जाहीर केलें नाहीं. त्यांचे प्रयोग पाहिलेल्या क्रुक्स यांनीं १८९२ सालीं एका लेखांत नांव न घेतां त्यांचा ओझरता उल्लेख केला. तो धागा धरून फाही नांवाचे इतिहासकार १८९९ सालीं त्यांजकडे गेले, तेव्हां कोठें वृद्ध ह्यूझ यांनीं सर्व हकीकत पत्रानें कळविली, आणि त्यांतही हर्ट्झ यांच्या श्रेयास त्यांनीं धक्का लावला नाहीं.

त्यानंतर वर्षाच्या आंतच, २२ जानेवारी १९०० रोजीं, लंडन येथें त्यांचें देहावसान झालें. ठिणगीच्या खटखटीऐवजीं मनुष्याचे शब्द तारेवांचून धाडण्याचें काम फेसेंडेन यांनीं अमेरिकेंत त्याच वर्षाच्या डिसेंबर महिन्याच्या २३ तारखेस केलें. तें ऐकावयास ह्यूझ नव्हते.

त्यांची राहणी अखेरपर्यंत साधी होती, त्यामुळें मागें किती द्रव्य आहे ह्याची अनेकांस कल्पना नव्हती. मृत्युपत्र उघडलें तेव्हां त्या मोठ्या संपत्तीचा बहुतेक भाग त्यांनीं लंडनमधील चार रुग्णालयांस दिल्याचें आढळलें. रॉयल सोसायटीकडेही त्यांनीं रक्कम ठेविली होती. तींतून ह्यूझ पदक देण्यांत येतें. पहिलें पदक १९०२ सालीं जे. जे. टॉमसन यांस मिळालें, १९०६ सालीं हर्था एअर्टन ह्या विदुषींस, १९१३ सालीं टेलिफोनचे जनक बेल यांस, आणि १९३० सालीं आपल्या देशाचे चंद्रशेखर व्यंकट रामन यांस.