टाचण्यांच्या उशीचा हत्ती

नाताळच्या झाडाला टांगल्या जाणाऱ्या हाताने शिवलेल्या वस्तूंमध्ये शेवटचे काम सर्वांत अवघड असते. कापड कापून झालेले असते, टाकेही घालून झालेले असतात. पण सपाट तुकड्याला आकार येतो तो त्यात लोकर भरून उरलेली फट बेमालूम मिटवल्यावर. या कौशल्याच्या बळावर जर्मनीतील एका छोट्या गावाचे नाव जगभर नेणाऱ्या मार्गारेट श्टाइफ यांना स्वतःच्या पायांवर कधीच उभे राहता आले नाही.

ब्रेन्त्स नदीकाठच्या गींगेन गावात २४ जुलै १८४७ रोजी त्यांचा जन्म झाला. दीड वर्षाच्या असताना पोलिओने त्यांचे दोन्ही पाय निकामी केले, उजव्या हातातही जोर राहिला नाही. नवव्या वर्षी लुडविग्सबुर्ग येथे झालेली शस्त्रक्रिया व त्यानंतरचे उष्ण झऱ्यांचे उपचार निष्फळ ठरले. अशा मुलीचे पुढे काय होणार, हा घरच्यांपुढील प्रश्न होता. मार्गारेट यांनी त्याचे उत्तर शिवणवर्गात शोधले. उजवा हात दुखत असतानाही त्या शिवण शिकल्या आणि बहिणींबरोबर कपडे शिवून देऊ लागल्या. शिवणयंत्र घरी आले, तेव्हा त्याचे चाक उजव्या हाताने फिरवणे त्यांना जमेना. त्यांनी यंत्रच उलटे फिरवून ठेवले आणि डाव्या हाताने चाक चालवले.

गावात फेल्टचा कारखाना होता. फेल्ट म्हणजे लोकर दाबून, न विणता तयार केलेले जाड कापड. त्याचे धागे सुटत नाहीत, त्यामुळे कडा दुमडाव्या लागत नाहीत. १८७७ मध्ये मार्गारेट यांनी फेल्टच्या तयार कपड्यांचे दुकान थाटले.

‘मोडेनवेल्ट’ या फॅशनच्या नियतकालिकाच्या ८ डिसेंबर १८७९ च्या अंकात, म्हणजे ऐन नाताळच्या तोंडावर, कापडी हत्तीचा एक नमुना छापून आला. त्यावरून मार्गारेट यांनी टाचण्या खोचण्याची उशी बनवली. फेल्टचे तुकडे शिवून आत कोकराची मऊ लोकर भरली. सोंड आणि पाय यांसारख्या अरुंद जागी लोकर ठासून बसवावी लागते. कमी पडली तर नग लुळा पडतो, जास्त झाली तर शिवण ताणते. हे हत्ती ओळखीपाळखीत भेट म्हणून दिले गेले. मोठ्यांनी त्यात टाचण्या खोचण्यापूर्वीच मुलांनी ते खेळायला पळवले! भाऊ फ्रिट्झ यांनी हायडनहाइमच्या बाजारात नेलेले हत्तीही खपले. १८८६ पर्यंत विक्री पाच हजारांवर गेली.

धंदा वाढला तरी प्रत्येक नव्या खेळण्याचा पहिला नमुना मार्गारेट स्वतः शिवत. दोष विक्रीपूर्वीच सापडावेत, हा त्यामागील हेतू. कंपनीला जागतिक कीर्ती मिळाली ती पुतण्या रिशार्ड यांनी १९०२ मध्ये घडवलेल्या, हातपाय हलवणाऱ्या अस्वलामुळे. पुढील वर्षी लाइपझिगच्या जत्रेत एका अमेरिकी खरेदीदाराने तीन हजार नगांची मागणी नोंदवली. १९०७ मध्ये नऊ लाख ७४ हजार अस्वले तयार झाली. त्या वेळी कारखान्यात सुमारे ४०० आणि घरून शिवणारे सुमारे १८०० लोक काम करीत होते. या टेडी बेअरच्या झगमगाटात हत्ती मागे पडला, हे थोडे अन्यायाचेच.

नकली मालापासून बचाव म्हणून १९०४ मध्ये दुसरे पुतणे फ्रान्झ यांनी प्रत्येक प्राण्याच्या कानात धातूचे बटण बसवण्याची कल्पना मांडली. सुरुवातीच्या बटणांवर हत्तीच कोरलेला होता. न्यूमोनिया होऊन ९ मे १९०९ रोजी मार्गारेट यांचे निधन झाले, तेव्हा त्या ६१ वर्षांच्या होत्या. नाताळच्या झाडाला अडकवण्यासाठी त्यांच्या कंपनीने पुढे दोऱ्याची कडी लावलेली छोटी अस्वलेही काढली. त्यांच्या कानातही ते बटण असते.