शिक्षण, संसार आणि स्वावलंबन : बाबासाहेबांच्या जीवनाचा अर्थ

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आपण घटनाकार आणि धम्मप्रवर्तक म्हणून नेहमीच वाचतो. ते मुळात अर्थशास्त्रज्ञ होते आणि अर्थशास्त्राचे पहिले धडे त्यांनी घरच्या ओढगस्तीतच गिरविले, याकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही त्यांच्या जीवनाची तीच बाजू वाचकांपुढे ठेवीत आहोत.

14 एप्रिल 1891 रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे वडील सुभेदार रामजी निवृत्तिवेतनावर मोठे कुटुंब चालवीत. तरीही मुलाच्या पुस्तकांत त्यांनी कधी काटकसर केली नाही. त्या काळच्या रीतीप्रमाणे 1906 च्या सुमारास, शाळेत असतानाच भीमरावांचा विवाह भायखळ्याच्या बाजारात रमाबाईंशी झाला. वधू अवघी नऊ वर्षांची होती. 1907 मध्ये ते मॅट्रिक झाले. सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या दरमहा 25 रुपयांच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी 1912 मध्ये बी. ए. पूर्ण केले. पुढील वर्षी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

1917 मध्ये ते परतले. करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, परंतु विदेशी पदव्या मिळविलेल्या या अधिकाऱ्याला त्या शहरात राहायला खोली मिळाली नाही. पदवी माणसाला पात्रता देते; परंतु समाज जोवर बदलत नाही, तोवर तिचे पुरते मोल पदरात पडत नाही, हे त्यांनी तेथे अनुभवले. 1918 मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात 450 रुपये पगाराची प्राध्यापकी मिळाली. त्या पगारातील शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राने दिलेले कर्ज यांच्या बळावर 1920 मध्ये त्यांनी पुन्हा लंडन गाठले. तेथे ते बॅरिस्टर झाले आणि 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी त्यांना डी. एस्सी. मिळाली. त्यानंतर त्यांनी बांधील नोकरीऐवजी स्वतंत्र वकिली पत्करली. उत्पन्न अनिश्चित राहिले, पण वाणी मोकळी राहिली.

या प्रवासाची किंमत रमाईंनी मोजली. परळच्या चाळीत तुटपुंज्या पैशांत त्यांनी संसार रेटला. पाच अपत्यांपैकी चार त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. एकटे यशवंत जगले. 27 मे 1935 रोजी त्यांचेही निधन झाले. बाबासाहेबांची विद्वत्ता या माउलीच्या उपासमारीवरही उभी आहे, हे आपण विसरता कामा नये.

म्हणूनच 1942 मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी मातांना जे सांगितले, त्याला स्वानुभवाची धार होती. मुलांच्या लग्नाची घाई करू नये, आर्थिक कुवत येईपर्यंत विवाह लादू नये, अपत्ये मोजकी असावीत आणि पत्नीने पतीची दासी न होता मैत्रीण व्हावे, असा त्यांचा आग्रह होता.

आपला शिरूर-दौंड परिसर त्यांना अपरिचित नव्हता. 1 जानेवारी 1927 रोजी ते भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला अभिवादन करण्यास आले होते. गावोगावच्या महार वतनाने आपल्या पूर्वजांना जमिनीच्या तुकड्यासाठी अहोरात्र राबविले. ते बंधन तोडण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 मध्ये सोलापुरात वसतिगृह काढले, त्यामागे हाच विचार होता : खेड्यातील मूल राबणुकीतून सुटावे आणि शिकावे. आपले निवासी विद्यालय त्याच परंपरेतले आहे.

आज शिष्यवृत्त्या आहेत, वसतिगृहे आहेत. तरीही मांडव, बँड आणि जेवणावळींसाठी कर्ज काढणारी, दहावी होताच मुलीला स्थळ पाहणारी घरे आपल्यात आहेत. एका दिवसाच्या थाटासाठी काढलेले कर्ज पुढे मुलांच्या शिक्षणाच्या पैशातूनच फिटते. मुलगी शिकून स्वतःच्या पायावर उभी राहिली, तर तिचे माहेर आणि सासर दोन्ही सावरतात. माजी विद्यार्थ्यांनी साधा बौद्ध विवाह करून वाचलेली रक्कम धाकट्या भावंडांच्या शिक्षणाला लावावी आणि पालकांनी लेकीच्या लग्नाआधी तिची पदवी पाहावी, अशी आमची विनंती आहे. रमाईंनी सोसलेले हाल आपल्या कोणत्याही लेकीच्या वाट्याला पुन्हा येऊ न देणे, हेच बाबासाहेबांना खरे अभिवादन ठरेल.