होरेस केफर्ट

होरेस केफर्ट (८ सप्टेंबर १८६२ – २ एप्रिल १९३१) हे अमेरिकन ग्रंथपाल, रानावनातील मुक्कामाविषयी लिहिणारे लेखक आणि ग्रेट स्मोकी पर्वतातील राष्ट्रीय उद्यानाच्या स्थापनेसाठी झटलेले कार्यकर्ते होते. १९०६ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे 'बुक ऑफ कॅम्पिंग अँड वुडक्राफ्ट' हे पुस्तक या विषयावरील पायाभूत ग्रंथ मानले जाते. त्यात त्यांनी वर्णन केलेला, म्यानात बाळगायचा न मिटणारा लहान चाकू आज 'केफर्ट चाकू' या नावाने ओळखला जातो. पदभ्रमंतीसाठी चाकू कसा निवडावा याची चर्चा निघाली की त्यांचे नाव अजूनही घेतले जाते.

पूर्वायुष्य

केफर्ट यांचा जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यातील ईस्ट सेलम येथे झाला. वडील आयझाया केफर्ट हे शिक्षक व धर्मोपदेशक होते. होरेस लहान असतानाच कुटुंब आयोवा राज्यात स्थलांतरित झाले. काही वर्षांनी हे कुटुंब पेनसिल्व्हेनियात परतले. तेथील लेबनन व्हॅली कॉलेजातून केफर्ट यांनी १८७९ साली पदवी घेतली. पुढे काही काळ बोस्टन येथे शिकून ते कॉर्नेल विद्यापीठात गेले व तेथील ग्रंथपाल विलार्ड फिस्क यांच्या हाताखाली काम करू लागले. फिस्क यांच्या पेट्रार्कविषयक ग्रंथसंग्रहाची सूची करण्यासाठी ते इटलीतील फ्लॉरेन्स येथेही राहिले. येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी करत असताना, १८८७ साली, त्यांचा लॉरा मॅक यांच्याशी विवाह झाला. या दाम्पत्याला सहा अपत्ये झाली.

सेंट लुइस

१८९० साली केफर्ट सेंट लुइस येथील मर्कंटाइल लायब्ररीचे ग्रंथपाल झाले. अमेरिकेच्या पश्चिम सीमेवरील वसाहतींच्या इतिहासाची साधने त्यांनी तेथे चिकाटीने जमवली. या विषयाचे जाणकार म्हणून त्यांचे नाव झाले. जुन्या शिकाऱ्यांच्या व वाटाड्यांच्या हकिगती वाचता वाचता बंदुका, सामानसुमान आणि रानातले राहणे यांचा त्यांना छंद जडला. सवड मिळेल तेव्हा ते ओझार्क डोंगरांत एकटेच मुक्कामाला जाऊ लागले. हे मुक्काम वाढत गेले, तसे मद्यपानही वाढले. ग्रंथालयाच्या कामाकडे दुर्लक्ष होऊ लागले आणि १९०३ साली त्यांना पद सोडावे लागले. १९०४ च्या मार्चमध्ये त्यांचा मानसिक तोल पूर्णपणे ढासळला. लॉरा केफर्ट मुलांना घेऊन न्यू यॉर्क राज्यातील इथाका येथे गेल्या. पतिपत्नींचा घटस्फोट कधी झाला नाही. मात्र त्यानंतर त्यांचा संसार पुन्हा एकत्र उभा राहिला नाही. मुलांच्या संगोपनाचा भार लॉरा यांच्यावर पडला.

हेझल क्रीक

वडिलांकडे काही काळ विश्रांती घेऊन केफर्ट १९०४ च्या उन्हाळ्यात उत्तर कॅरोलायना राज्याच्या पश्चिम डोंगराळ भागात गेले. त्या वर्षाच्या अखेरीस हेझल क्रीक या ओढ्याच्या खोऱ्यात, बंद पडलेल्या तांब्याच्या खाणीजवळच्या एका रिकाम्या लाकडी झोपडीत त्यांनी बिऱ्हाड केले. तेथे ते सुमारे तीन वर्षे राहिले. शेजारी तुरळक होते आणि वाहनाचा रस्ता दूर होता. पाठीवर वाहून आणता येईल तेवढेच सामान घरात येई. याच काळात त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. ते त्यांनी 'नेसमक' या टोपणनावाने लिहिणारे जॉर्ज वॉशिंग्टन सियर्स यांच्या स्मृतीस अर्पण केले. हलक्या सामानानिशी रानात जावे हा विचार सियर्स यांनी १८८४ सालच्या आपल्या 'वुडक्राफ्ट' या पुस्तकात मांडला होता. केफर्ट यांनी तो तपशिलात नेला. तंबूचे कापड, पांघरूण, भांडी, शिधा अशा प्रत्येक वस्तूची त्यांनी ग्रंथसूची करावी तशी छाननी केली.

चाकूविषयीचे विवेचन

त्या काळी शिकारीचा चाकू म्हटला की कर्नल बोवी यांच्या नावाने प्रसिद्ध असलेला, लांब, जाड व अणकुचीदार चाकू डोळ्यांसमोर येई. स्वस्त साहसकथांनी त्याला लोकप्रिय केले होते. केफर्ट यांनी या चाकूवर केलेली टीका त्यांच्या लेखनातील सर्वांत खुमासदार भागांपैकी आहे. असा चाकू काठी तासायला फार जाड, कातडे सोलायलाही जाड आणि स्वयंपाकाला व जेवायला फार टोकदार, असे त्यांचे म्हणणे होते. भोसकणे हा त्याच्या आकाराचा हेतू. रानात राहणाऱ्या माणसाला ते काम क्वचितच करावे लागते. शिवाय त्याच्या पोलादाला दिलेले पाणी अती कडक असे. म्हाताऱ्या हरणाच्या फासळीवर घाव घातला की धारेला खांड पडे, आणि धार लावण्याचे चाक तर कित्येक मैल दूर.

स्वतः केफर्ट यांनी चांभाराच्या रापीपासून कोयत्यासारख्या मॅचेटीपर्यंत नाना पाती वापरून पाहिली होती. काही चाकू त्यांनी सांगून करवून घेतले होते. त्या सर्वांतून त्यांच्याजवळ टिकला तो एका खेड्यातील लोहाराने घडवलेला, दिसायला अगदी ओबडधोबड चाकू. त्याची मापे त्यांनी काटेकोरपणे नोंदवली आहेत. पाते सव्वाचार इंच (सुमारे ११ सेंटिमीटर) आणि मूठही तेवढीच. पात्याची रुंदी एक इंच, पाठीकडची जाडी एक अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे तीन मिलिमीटर, आणि टोक रुंद. एकूण वजन केवळ चार औंस, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅम.

यातील प्रत्येक मापामागे कारण आहे. मुक्कामात चाकू लागतो तो मुख्यतः काठ्या कापायला, खारवलेल्या मांसाचे काप करायला, बटाटे चिरायला. शिकार सोलण्याचा प्रसंग एखाद्या वेळी येतो. या कामांना पातळ पाते हवे. चार-पाच इंचांहून लांब पात्याने काम अधिक होत नाही आणि बसताना मात्र ते दर वेळी आड येते. पात्याचे पोलाद मुठीच्या आरपार गेलेले असून लाकडी मूठ त्यावर रिव्हेट ठोकून पक्की केलेली होती. त्यामुळे जोर लावला तरी पाते मुठीतून निखळण्याची भीती नव्हती. मूठ लंबगोल आणि कडा नसलेली होती, कारण कडा असल्या की थोड्या कामानेही हाताला फोड येतात. धारेच्या बाजूला बोट घसरू नये म्हणून पाव इंचाचा एक उंचवटा होता. पाठीच्या बाजूला परज मुद्दाम ठेवलेली नव्हती. आजच्या बहुतेक प्रतिकृतींत तो उंचवटाही आढळत नाही.

पोलादाच्या पाण्याविषयीचे त्यांचे मत विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. ओले टणक लाकूड कापता येईल इतकी कठिणता हवी, पण गाठीवर किंवा हाडावर पाते आदळले तर धारेचा तुकडा उडण्याऐवजी ती फार तर वळावी, असे ते मानत. वळलेली धार लहानशा दगडावर सरळ करता येते. खांड पडलेली धार रानात नीट होत नाही. आज अधिक कठीण पोलादे सहज मिळतात व त्यांची धार दीर्घकाळ टिकते. परंतु ती बोथटली की खिशातल्या दगडावर लावायला पुष्कळ वेळ जातो. त्यामुळे केफर्ट यांनी मांडलेला पेच चाकू निवडणाऱ्यापुढे अजूनही तसाच उभा राहतो.

म्यानाचा विचारही त्यांनी केला होता, ही बाब अनेकदा विसरली जाते. मूठ हलक्या पण टणक लाकडाची असावी आणि पात्याकडे निमुळती होत जावी. मग ती म्यानात थोडी आत शिरते आणि घट्ट धरली जाते. मूठ जड असेल तर वाकताना चाकू म्यानातून गळून पडतो. म्यान कमरपट्ट्याला आवळून बसवलेले आणि कुशीला वर धरलेले हवे.

जड चाकू बाळगला की कुऱ्हाडीचे कामही त्यातच होते, ही समजूत त्यांनी साफ अमान्य केली. सरपण फोडणे, तंबूच्या खुंट्या ठोकणे, रात्रभर शेकोटी पेटती ठेवणे ही कामे लहान कुऱ्हाडीची आहेत, असे त्यांचे मत होते. म्हणून छोटी कुऱ्हाड, म्यानातला हलका चाकू आणि खिशातला मिटणारा चाकू अशी कामाची विभागणी त्यांनी सुचवली. पुढे पेनसिल्व्हेनियातील कोलक्लेसर ब्रदर्स या हत्यारे बनवणाऱ्या कंपनीने त्यांच्या नावाचा चाकू विक्रीस आणला. आज त्या कंपनीचे चाकू संग्राहकांना दुर्मीळ झाले आहेत. मात्र अनेक उत्पादक त्याच घडणीचे चाकू काढतात.

इतर लेखन

१९१० पासून केफर्ट ब्रायसन सिटी या गावी राहू लागले. 'कॅम्प कुकरी' (१९१०) व 'स्पोर्टिंग फायरआर्म्स' (१९१२) ही त्यांची त्यानंतरची पुस्तके. मूळ ग्रंथाची वाढवलेली द्विखंडी आवृत्ती १९१६-१७ मध्ये निघाली. 'अवर सदर्न हायलँडर्स' (१९१३, विस्तारित आवृत्ती १९२२) या पुस्तकात त्यांनी डोंगरी लोकांची बोली, राहणी, चोरटी दारूभट्टी आणि वैरे यांचे वर्णन केले. बोलीच्या नोंदींसाठी ते मोलाचे मानले जाते. दारूभट्ट्या आणि रक्तरंजित वैरांवर त्यात दिलेला भर मात्र त्या प्रदेशातील अनेकांना एकांगी वाटतो, आणि ही तक्रार निराधार म्हणता येणार नाही. सामानाचे वजन औंसांत मोजणाऱ्या या लेखकाने आपल्या कुटुंबावर पडलेल्या भाराविषयी पुस्तकांत जवळजवळ काहीच लिहिलेले नाही.

राष्ट्रीय उद्यानासाठी कार्य

लाकूड कंपन्यांनी स्मोकी पर्वतातील जुनी अरण्ये झपाट्याने तोडली. हेझल क्रीकचे खोरेही त्यातून सुटले नाही. उरलेले रान वाचवण्यासाठी केफर्ट यांनी १९२० च्या दशकात लेख, पत्रके व पत्रव्यवहार यांचा धडाका लावला. जपानमध्ये जन्मलेले, ॲशव्हिल येथे स्थायिक झालेले छायाचित्रकार जॉर्ज मासा यांची त्यांना मोलाची साथ मिळाली. दोघांनी मिळून पायवाटा धुंडाळल्या, शिखरांची नावे निश्चित करण्यास मदत केली आणि अ‍ॅपलाचियन ट्रेल या दीर्घ पायवाटेचा तेथील मार्ग आखण्यात भाग घेतला. अमेरिकन काँग्रेसने १९२६ साली उद्यानास मंजुरी दिली व १९३४ साली ते अधिकृतपणे स्थापन झाले. उद्यानासाठी अनेक कुटुंबांना मात्र आपली घरे-शेते सोडावी लागली.

मृत्यू व स्मृती

२ एप्रिल १९३१ रोजी ब्रायसन सिटीजवळ झालेल्या मोटार अपघातात केफर्ट यांचा मृत्यू झाला. सोबतचे लेखक फिसवुड टार्लटन हेही त्यात दगावले. दारूबंदीच्या त्या काळात हे दोघे चोरट्या दारूसाठी बाहेर पडले होते असे मानले जाते. केफर्ट यांचे दफन ब्रायसन सिटी येथे झाले असून थडग्यावर एक मोठी शिळा ठेवलेली आहे. डीप क्रीक या ओढ्याकाठी, त्यांच्या अखेरच्या काळातील मुक्कामाच्या जागी, बालवीरांनी १९३१ सालीच जात्याच्या दगडाचे स्मारक उभारले. उद्यानातील माउंट केफर्ट या सुमारे १,८९५ मीटर उंचीच्या शिखराला त्यांचे नाव आहे. त्यालगतचे एक लहान शिखर मासा यांच्या नावाने ओळखले जाते. केफर्ट यांची 'स्मोकी माउंटन मॅजिक' ही कादंबरी त्यांच्या मृत्यूनंतर ७८ वर्षांनी, २००९ साली प्रसिद्ध झाली. त्यांची कागदपत्रे व टिपणवह्या वेस्टर्न कॅरोलायना विद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन केलेल्या आहेत.