डिझेल गाडी गरम झाल्यावर पुन्हा स्टार्ट होत नाही? रुडॉल्फ डिझेलची गोष्ट वाचा, दोष शोधणं सोपं जाईल

परभणी : मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर गेला की जिंतूर रोड असो की वसमत रोड, ही तक्रार ऐकू येतेच. सकाळी एका सेल्फमध्ये चालू झालेली डिझेल गाडी दुपारी चहासाठी दहा मिनिटं बंद केली की पुन्हा चालू होत नाही. तासाभराने थंड झाली की होते. मग कुणीतरी हीटर प्लग बदलायला सांगतं. पैसे जातात, गाडी तशीच.

हा सल्ला का चुकतो, हे ज्याच्या नावाचं इंजिन आपण वापरतो त्याच्या कामातून नीट कळतं.

रुडॉल्फ डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील जर्मन, वडील चामड्याच्या वस्तू बनवायचे. १८७० मध्ये फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटलं आणि कुटुंबाला लंडन गाठावं लागलं. १२ वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीत ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे धाडलं गेलं. पुढे म्युनिकला इंजिनिअरिंग शिकताना टायफॉइडने १८७९ ची परीक्षा हुकली. पुढच्या वर्षी त्याने ती उत्तम गुणांनी दिली.

त्याचे प्राध्यापक कार्ल फॉन लिंडे हे बर्फ बनवणाऱ्या यंत्रांचे जाणकार. गुरू थंडीच्या मागे, शिष्य उष्णतेच्या! त्या काळचं वाफेचं इंजिन इंधनातली जवळपास ९० टक्के उष्णता वाया घालवायचं. डिझेलला हे खटकत होतं. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, हे आपण हाताने अनुभवतो. तीच हवा प्रचंड दाबली तर ती इतकी तापते की त्यात सोडलेलं इंधन ठिणगीशिवाय पेटतं. या कल्पनेचं पेटंट त्याला १८९३ मध्ये मिळालं. त्याच वर्षी ऑग्सबर्गच्या कारखान्यात पहिली चाचणी झाली, तेव्हा स्फोट होऊन दाब मोजणारं उपकरण उडालं. १८९७ मध्ये मात्र इंजिनाने इंधनातल्या २६ टक्के उष्णतेचं काम करून दाखवलं.

पैसा आला, पण पेटंटचे वाद आणि फसलेले व्यवहार यांत तो गेलाही. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला निघालेल्या ड्रेस्डेन जहाजावरून डिझेल नाहीसा झाला. काही दिवसांनी समुद्रात मृतदेह सापडला. खिशातल्या वस्तू मुलाने ओळखल्या. आत्महत्या की आणखी काही, यावर आजही वाद आहे.

त्याचं इंजिन अवजड होतं, कारण इंधन आत फवारायला मोठा हवेचा कॉम्प्रेसर लागायचा. १९२७ पासून बॉश कंपनीचे छोटे इंजेक्शन पंप आले आणि १९३६ मध्ये मर्सिडीजची डिझेल कार. आपल्याकडे पुण्यात १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली.

आता मुद्द्याचं. हे इंजिन उष्णतेवरच पेटतं, म्हणजे गरम असताना ते उलट लवकर चालू व्हायला हवं. हीटर प्लगचं काम थंड इंजिनाला मदत करण्याचं. त्यामुळे दोष दुसरीकडे शोधा.

आधी सेल्फचा आवाज ऐका. इंजिन जड फिरत असेल तर बॅटरीचे टर्मिनल, अर्थिंगची वायर किंवा तापलेली स्टार्टर मोटर. जोरात फिरूनही पेटत नसेल तर इंधन. डिझेल तापलं की पातळ होतं. पंपाची किंवा इंजेक्टरची झीज झाली असेल तर ते आतल्या आत गळतं आणि हवा तो दाब तयारच होत नाही. जुन्या पंपाच्या गाडीत पंपावर ओलं फडकं ठेवून थोडं थांबा. गाडी चालू झाली तर झिजलेल्या पंपावर संशय घ्यायला हरकत नाही. तापलेल्या पंपावर थेट गार पाणी मात्र ओतू नका, तो जाम होऊ शकतो.

कॉमनरेल गाडीत इंजेक्टरची रिटर्न टेस्ट करून घ्या. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्य दिसला तर क्रँक सेन्सर पाहा. तापल्यावर सिग्नल बंद करणं हा त्याचा नेहमीचा आजार. कॉमनरेलचा पाइप मात्र स्वतः सैल करू नका. आतला दाब हजार बारच्या वर जातो आणि बारीक धारसुद्धा कातडी भेदून आत शिरते.